दोन विहिणींची गाडी

दोन विहिणींना एका गाडीत कोंबून परदेश दाखवायला न्यायचं, ही कल्पना जावयाची, म्हणजे प्रणितची. कुठल्याही शहाण्या माणसाला विचारलं असतं तर त्याने कानाला हात लावला असता. पण प्रणित न्यूझीलंडच्या एका बंदरात क्रेनचा इंजिनिअर, आणि इंजिनिअर माणसाला वाटतं की मापात बसवलं की सगळं बसतं. त्याने भाड्याने कॅम्परव्हॅन घेतली. गाडीतच बिछाने, गाडीतच ओटा नि फ्रीज, गाडीतच संडास. पुढे तो आणि त्याची बायको रेवा. मागे रेवाची आई अरुंधतीबाई, आणि त्याची स्वतःची आई कृष्णाबाई.

अरुंधतीबाई पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. कृष्णाबाई गव्हाणच्या कोळीवाड्यातल्या. नवरा होडीवर जायचा आणि त्या उरणच्या बाजारात टोपली घेऊन बसायच्या. पोरांचं कॉलेजात जमलं, लग्न झालं, त्यालाही आता तीनेक वर्षं झाली. अरुंधतीबाईंनी लेकीचं लग्न रीतसर लावून दिलं, मांडवात रडल्या, मानपान केले. फक्त गव्हाणला हळदीला गेल्या त्या स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. कुणी काही बोललं नाही. बोललं नाही म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही, असं त्या धरून चालल्या. माणसं असंच धरून चालतात हो, त्यात त्यांचा एकटीचा काय दोष.

गाडीतली शेगडी दोन बर्नरची. पहिल्याच दिवशी अरुंधतीबाईंनी पिशवीतून लाल चिकटपट्टी काढली आणि शेगडीच्या बरोबर मधोमध चिकटवली. डावीकडचं बर्नर शाकाहारी, उजवीकडचं "तुमचं". घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे एकाच चुलीच्या दोन झाल्या. कृष्णाबाईंनी पट्टीकडे बघितलं, "बरा हाय," म्हणाल्या, आणि तेव्हापासून उजव्या बर्नरवर फक्त चहा नि भात केला. गाडीत मासा आला नाही. आपण किती सामोपचाराने मार्ग काढला, याचं अरुंधतीबाईंना मनातून कौतुक वाटत होतं.

खरी गोष्ट वेगळीच होती. रेवाला सहावा संपत आला होता. दोघी आयांची परतीची तिकिटं पुढच्या आठवड्यातली, एकाच विमानाची. बाळंतपणाला एकीला थांबायचं होतं, आणि एकीलाच थांबता येणार होतं, कारण पोरांचं घर एका खोलीचं आणि बाहेर एकच सोफा. कुणाचं तिकीट पुढे ढकलायचं ते रेवा सांगेल, असं प्रणित म्हणाला होता. रेवा रोज "सांगते, सांगते" करत होती. त्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "आज रात्री नक्की सांगते."

अरुंधतीबाईंना हा प्रश्नच अपमानाचा वाटत होता. पहिलं बाळंतपण माहेरचं. यात विचारायचं काय आणि सांगायचं काय? खारीक दळून आणली होती, डिंक आणला होता, बाळाला गुंडाळायला जुन्या साड्यांची मऊ दुपटी शिवून आणली होती. अळीव तेवढे विमानतळावर सामान तपासणाऱ्याने काढून घेतले, बियाणं म्हणे, तर त्या माणसाशी त्या बाळंतिणीच्या दुधावर इंग्रजीतून बोलत बसल्या होत्या.

सकाळी गाडी पुकाकीच्या तळ्याकाठी उभी होती. पाणी असं निळं की धोब्याने सगळी नीळ त्यातच ओतली असावी, आणि पलीकडे बर्फाचे डोंगर. अरुंधतीबाईंनी फोटो काढून खांदा कॉलनीत नवऱ्याला पाठवला. तिकडे मध्यरात्र, तरी विनायकरावांचं लगेच उत्तर आलं, "छान. कर्नाळ्यालाही सकाळी असाच गारवा असतो." या माणसाला चंद्रावर नेलं तरी हा कर्नाळाच सांगणार, असं म्हणून त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. कृष्णाबाई काठावर उकिडव्या बसल्या, पाण्यात बोटं बुडवून कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "लय थंड." त्यांचं तळं बघून झालं.

मग वळणावळणाचा रस्ता, मेंढ्या, आणखी मेंढ्या. कृष्णाबाईंनी कमरेच्या पिशवीतून आवळासुपारी काढून पुढे केली. "घ्या विहीणबाय, पोटात ढवलनार नाय." अरुंधतीबाई म्हणाल्या, "नको, माझ्याकडे आहे." होतीही. पण पोटात ढवळायला लागल्यावर आपली शोधायला पिशवी उपसावी लागली, आणि तोवर एक वळण फार वाईट गेलं.

दुपारी समुद्र आला. मोएराकी नावाचा किनारा. तिथे वाळूत मोठमोठे गोल दगड पडलेत, माणसाच्या उंचीचे, एकेक गुळाच्या ढेपेसारखा. लोक त्यावर चढून फोटो काढत होते. प्रणितने रेवाला एका दगडाला टेकवून उभं केलं. कृष्णाबाई समुद्र बघून सकाळपेक्षा बऱ्याच खुलल्या होत्या, चपला हातात घेऊन लाटेत उभ्या होत्या. अरुंधतीबाईंना मात्र संडासला लागली, म्हणून त्या रेवाला न सांगताच किल्ली घेऊन गाडीकडे परतल्या.

गाडीतला संडास म्हणजे कपाटच. आत शिरलं की वळता येत नाही. वर हवेसाठी एक बारीक खिडकी. अरुंधतीबाई आत असतानाच बाहेर पावलं वाजली, घडीच्या खुर्च्या उघडल्याचा आवाज आला आणि रेवाचा आवाज अगदी कानाशी आला.

"आये, मला तुमच्या हातचं कालवण खायचंय. लाल, आंबट. रोज डोळ्यांपुढे येतं हो."

रेवा सासूला प्रणितसारखीच "आये" म्हणायची. अरुंधतीबाईंना ते दर वेळी जरासं टोचायचं.

"मंग बोलाचा ना, पोरी," कृष्णाबाई म्हणाल्या. "डोहालं लपवतं का कोन? हितं पुढं बंदर हाय, मासं काय कमी हायत?"

"आईसमोर? या गाडीत?" रेवा हसली, पण ते हसू लगेच विझलं. "आये, तुम्ही राहा ना. बाळंतपणाला तुम्हीच राहा."

अरुंधतीबाईंचा हात कडीवर होता. तो तिथेच राहिला.

"नाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "पयला बालंतपन आयशीचा. तिचा हक हाय तो. मी मदी नाय पडाची."

"आई आली की घराचे दोन भाग होतात, आये. हे तिचं, ते आपलं. हा तवा तिचा, तो ओवळा. मला बाळ झाल्यावर मी ते कुठल्या भागात ठेवू? ते तर दोन्हीकडचं असणार."

लाटांचा आवाज येत होता.

"हे मना बोललीस ते बोललीस," कृष्णाबाई म्हणाल्या, "तिला नको बोलू. आमी दोगी एका बिछान्याव निजतो. ती झोपंत तुज्या नावानं हाका मारते. मी ऐकते ना रोज."

मग प्रणितची हाक आली आणि दोघी उठून गेल्या. अरुंधतीबाई त्या कपाटात तशाच उभ्या राहिल्या. आधी राग आला. इतका की कानशिलं तापली. नऊ महिने पोटात मी वागवली, तापात रात्रीच्या रात्री मी बसले, आणि मनातलं सांगायला ही मिळाली! मी कधी केले घराचे दोन भाग? कधी केले ते दाखव. त्या तावातावाने दार उघडून बाहेर आल्या, आणि समोर ओटा होता, ओट्यावर शेगडी, शेगडीवर लाल पट्टी.

मग राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. त्या बिछान्यावर बसल्या. खूप वाईट वाटलं. लेकीने सासूला राहा म्हटलं, याचं वाटलंच. पण त्याहून वाईट याचं वाटलं की आपली बाजू मांडली ती त्या बाईने, जिच्या घरचं पाणीही आपण प्यायलो नव्हतो.

प्रणितने गाडी पुढे बंदराशी नेऊन लावली. छोटंसं बंदर, पाचपन्नास होड्या. तिथून पायवाटेने टोकाला गेलं की खडकांवर सील लोळत पडलेले दिसतात. "चल ना आई," रेवा म्हणाली. अरुंधतीबाईंनी गुडघ्याचं कारण सांगितलं. रेवाने जरा निरखून बघितलं, पण अरुंधतीबाई तोवर चष्मा पुसायला लागल्या होत्या. तिघं गेली.

ती वळणाआड दिसेनाशी झाल्याबरोबर अरुंधतीबाई उठल्या. बाळंतपण ज्याचं असेल त्याचं असो. डोहाळे आईने पुरवायचे असतात, आणि ते हिरावून घ्यायची कुणाची टाप नव्हती. बेसनाच्या लाडवांचा डबा त्यांनी रिकामा केला. चांगला जाड स्टीलचा डबा, त्यावर कोरलेलं, सौ. अरुंधती वि. लिमये. हा डबा त्यांनी प्रवासभर वेगळा ठेवला होता, चुकून कशाला लागायला नको म्हणून. तोच बगलेत मारून त्या धक्क्याकडे निघाल्या.

धक्क्यावर एक म्हातारा गोरा फळीवर मासे कापत होता आणि आतडी पाण्यात टाकत होता. वर पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. पनवेलच्या मासळीबाजारावरून रिक्षा गेली तरी नाकाला रुमाल लावणाऱ्या अरुंधतीबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. रुमाल काढावासा वाटला, पण माणसाच्या तोंडावर बरं दिसत नाही म्हणून काढला नाही. बँकेतलं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून त्यांनी सांगितलं की मुलगी गरोदर आहे, तिला मासा खावासा वाटतोय, आणि मला त्यातलं काही कळत नाही. म्हातारा चाकू थांबवून ऐकत होता. शेवटचं वाक्य ऐकून तो खो खो हसला, डबा घेतला, त्यात काटे काढलेले चांगले चार तुकडे ठेवले. पैसे काढले तर हात हलवून नको म्हणाला. मग अरुंधतीबाई पुन्हा गाडीत गेल्या आणि कागदात दोन बेसनाचे लाडू बांधून त्याला देऊन आल्या. फुकट घ्यायची सवय नव्हती.

इथवर ठीक झालं. पुढे खरी पंचाईत. मासा शिजवतात कसा? फोनला रेंज नाही. जिला विचारायचं तिच्याच नकळत करायचं. अरुंधतीबाईंनी ओढणी नाकावरून बांधली, तुकडे धुतले, परत धुतले, आणि विचार केला. डॉक्टरने रेवाला सगळं नीट शिजवून खा असं बजावलंय. समुद्रातली वस्तू, आत काय काय असेल कुणाला ठाऊक. नीट शिजवायचं म्हणजे कुकर. त्यांनी आपला लाडका तीन लिटरचा कुकर काढला, मासा घातला, हळद, हिंग, मीठ, दोन वाट्या पाणी. तुरीच्या डाळीला देतात तशा तीन शिट्ट्या, आणि वर दहा मिनिटं मंद गॅस, जोखीम नको म्हणून. कुकर कुठल्या बर्नरवर चढवला याचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही.

मंडळी परत आली तेव्हा वास त्यांच्या आधी बाहेर गेला होता. कृष्णाबाई पायरीवरच थबकल्या. रेवा आत आली. ओढणी बांधलेली आई, घामेजलेलं कपाळ, ओट्यावर कुकर.

"आई, हे काय?"

"कालवण," अरुंधतीबाई म्हणाल्या. "तुला हवं होतं ना."

रेवाचा चेहरा उतरला. आई दुपारी कुठे होती ते तिला आता कळलं. ती काही बोलणार तेवढ्यात कृष्णाबाईंनी तिला बाजूला सारलं, कुकरचं झाकण काढलं आणि आत डोकावून बघितलं. आत पिवळं पाणी, आणि त्यात मासा होता असं सांगितलं म्हणून समजायचं.

"किती शिट्या, विहीणबाय?"

"तीन. मग दहा मिनिटं मंद."

प्रणित पाठ फिरवून समुद्र बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. कृष्णाबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण डोळे काही ऐकेनात.

"एक कढ बास व्हतो माशाला," त्या शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या. "बिचाऱ्याची डाल झाली."

अरुंधतीबाई मटकन खाली बसल्या. हात दाखवून अवलक्षण ते हेच. धड डोहाळेही पुरवता आले नाहीत, आणि आता या दोघी मिळून हसणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ओढणी पुन्हा नाकावर घ्यावी लागली.

कुणी हसलं नाही. कृष्णाबाईंनी आपल्या गाठोड्यातून मसाल्याची पुडी, लसूण आणि कोकमाच्या आगळाची बाटली काढली. लसूण ठेचून तेलात टाकली. मग डाव अरुंधतीबाईंच्या हातात दिला.

"तुमी ढवला. मी सांगते. डोहालं आयशीच्या हातचं व्हाया पायजेत."

"मला नाही येत हो. त्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्यालाही इंग्रजीतून हेच सांगून मासा आणला."

"मना तरी इंग्रजी कुठं येतं? त्यो म्हातारा मना मासा देता का? उठा, करपल लसून."

दोघी त्या हातभर ओट्यापुढे खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. मसाला, मग कुकरमधलं ते सगळं, मग आगळ. लालभडक रंग आला. कृष्णाबाईंनी चव घेतली, थोडं मीठ टाकलं, आणि पलीकडे भात ठेवला. भांडं मोठं होतं, ते पट्टीच्या अलीकडे पलीकडे दोन्हीकडे आलं. दोघींपैकी कुणी तिकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी बाहेर घडीचं टेबल मांडून सगळे जेवायला बसले. मासा कुठे सापडत नव्हता, पण चव सगळीकडे होती. पहिला घास अरुंधतीबाईंनी कालवून लेकीच्या तोंडात घातला. स्वतःच्या हाताने, डोळे न मिटता. रेवा घास चावत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिखटाने म्हणायलाही जागा होती. मग तिने ताट ओढून घेतलं आणि भुकेल्या पोरासारखी जेवली. तिने दुसऱ्यांदा कालवण घेतलं तेव्हा अरुंधतीबाईंना जे समाधान वाटलं ते त्यांना पुरणपोळी करूनही कधी वाटलं नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या ताटात दही नि लोणचं होतं. कृष्णाबाईंच्या पातेल्याकडे हात करून त्या म्हणाल्या, "भात जरा इकडे द्या." कृष्णाबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि वाढला.

जेवणं होत आली तशी रेवाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आई, ते तिकिटाचं..." ती म्हणाली, आणि आधी सासूकडे, मग प्रणितकडे बघितलं.

अरुंधतीबाईंना एवढंच दिसलं की पोर घाबरली आहे, आणि आपल्याला घाबरली आहे.

"माझं तिकीट आहे तसंच राहू दे," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाला विहीणबाई राहतील."

"नाय नाय, ह्यो काय भलताच," कृष्णाबाई म्हणाल्या. "पयला बालंतपन..."

"माझा हक्क आहे ना? मग तो मी कुणालाही देईन." अरुंधतीबाई रेवाकडे वळल्या. "मी आत होते दुपारी. सगळं ऐकलं. तू काही चुकीचं बोलली नाहीस."

आणि त्या थांबल्या. खरं सांगायचं तर त्या वाट बघत होत्या. आता रेवा म्हणेल, नाही गं आई, तूच राहा. आई कितीही शहाणपणाने बोलली तरी तिला ते ऐकायचं असतंच. रेवा तसं म्हणाली नाही. तिचे खांदे सैल पडले, तिने मोठा श्वास सोडला. तिचा जीव भांड्यात पडलेला अरुंधतीबाईंनी समोर बसून बघितला. ते बघणं फार जड गेलं. पण दिलेलं परत मागायची त्यांची रीत नव्हती.

"बारशाला ये," रेवा म्हणाली. "बाबांनाही आण. आणि आल्यावर लगेच पळायचं नाही, मी सोडणार नाही."

"आपण तोवर मोठं घर बघू," प्रणित म्हणाला.

"येईन की."

रेवा क्षणभर ताटाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली. "पण आई, घरात मासे असतील. तवा एकच, भांडी एकच. मी वेगळं काही मांडणार नाही." आवाज बारीक होता, पण तिने नजर खाली केली नाही. कृष्णाबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवून तिला गप्प करायला बघितलं. ती गप्प झाली, पण जे बोलली ते तिने मागे घेतलं नाही.

अरुंधतीबाईंनी ताटातला उरलेला भात एका बाजूला गोळा केला. बंदरातल्या होड्या हलत होत्या. कुठली एक तरी सोपी गोष्ट या लेकीने आपल्याला मागितली आहे का, असं त्यांच्या मनात आलं.

"भात असेल ना?" त्यांनी विचारलं.

"असेल."

"मग झालं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मी भात खाईन."